डीझेल एंजिनाच्या आवाजाचे निदान
डीझेल एंजिनाच्या आवाजाचे निदान : चालू एंजिनातून येणाऱ्या अनोळखी आवाजावरून त्याचे उगमस्थान, त्याचे कारण व त्यापासून संभवणारा धोका ठरविण्याची पद्धती. डीझेल एंजिन स्वभावतःच आवाज करणारे असल्याने स्वाभाविक आवाज कोणता व दोषदर्शक कोणता, हे ठरविणे पेट्रोल एंजिनापेक्षा येथे अधिक कठीण असते. जुन्या एंजिनात झीज आधीच झालेली असते आणि चारही चाकांना शक्ती पुरविणाऱ्या गाडीत आवाज करू शकणारे घटकही अधिक असतात. त्यामुळे अशा गाडीत ही अडचण वाढते. प्रस्तुत नोंदीत मुंबईच्या उपनगरांत व महाराष्ट्रात दीर्घकाळ वापरात असलेल्या डीझेल जीपगाड्या डोळ्यांपुढे ठेवून या विषयाचे विवेचन केले आहे.

निदान चुकल्यास नुकसान दोन्ही बाजूंनी होते. इंधनाच्या एका अंतःक्षेपकाचा (सिलिंडरात इंधनाचा फवारा सोडणाऱ्या साधनाचा) दोष धारव्याचा समजला गेला, तर सुस्थितीतील एंजिन विनाकारण उघडले जाते. उलट धारव्याचा ठोका ‘डीझेलचा नेहमीचा आवाज’ म्हणून सोडून दिला, तर काही किलोमीटरांच्या आत एंजिन कायमचे निकामी होऊ शकते. यामुळे आवाज कशासारखा वाटतो यापेक्षा तो कोणत्या परिस्थितीत बदलतो, यावर निदान आधारणे आवश्यक ठरते.

वाहने व एंजिने : दुसऱ्या महायुद्धानंतर मुंबईतील महिंद्र उद्योगसमूहाने विलिस जीपची जुळणी सुरू केली. पुढे बोरिवली व अंधेरी यांच्या दरम्यान असलेल्या कांदिवली उपनगरात त्याचा मोठा कारखाना उभा राहिला. प्रारंभीच्या जीपगाड्या पेट्रोलवर चालत. १९७० नंतरच्या दशकात ट्रॅक्टरच्या एंजिनावर आधारलेले सु. २,३५० घ. सेंमी. धारणेचे डीझेल एंजिन जीपमध्ये बसविण्यात येऊ लागले. त्यानंतर प्यूजो या फ्रेंच कंपनीच्या अनुज्ञप्तीखाली एक्सडीपी ४·९० हे एंजिन प्रचारात आले. या मालिकेतील एंजिनांचे उत्पादन नासिक जिल्ह्यातील इगतपुरी येथे होत असे. या एंजिनात चार सिलिंडर असून प्रत्येकाचा व्यास ९० मिमी. व दट्ट्याची धाव ८३ मिमी. असते, त्यावरून एकूण धारणा २,११२ घ. सेंमी. येते. एमएम ५४० ही जीप, तसेच लांब बांध्याच्या प्रवासी जीपगाड्या यांमुळे हे एंजिन राज्याच्या खेड्यापाड्यांत पोहोचले.

या पिढीच्या एंजिनांत इंधनपंप पूर्णतः यांत्रिक असतो; दोषाचा संकेत साठवून ठेवणारी इलेक्ट्रॉनीय यंत्रणा त्यांत नसते. म्हणून कान, हात व काही साधी मापके हीच निदानाची मुख्य साधने ठरतात. [⟶ डीझेल एंजिन, मोटारगाडी].

स्वाभाविक आवाजाची उत्पत्ती : रूडोल्फ डीझेल (१८५८–१९१३) यांनी १८९७ मध्ये यशस्वी करून दाखविलेल्या एंजिनात ठिणगी नसते. दट्ट्याने जोराने दाबलेली हवा तापते व तिच्यात शिरलेले इंधन आपोआप पेटते. फवारा सुटणे व इंधन पेटणे यांमध्ये साधारणतः सेकंदाच्या एक-दोन सहस्रांशांइतका काळ जातो. त्यास प्रज्वलन-विलंब म्हणतात. या काळात कोठीत जमलेले इंधन एकदम पेटते, दाब अचानक वाढतो आणि सिलिंडराच्या भिंती हातोडीचा घाव बसल्याप्रमाणे कंप पावतात. हाच डीझेल एंजिनाचा परिचित ठोका होय. विलंब जितका अधिक तितके साठलेले इंधन अधिक व ठोकाही तितका कठोर होतो.

इंग्लिश अभियंते हॅरी रिकार्डो (१८८५–१९७४) यांनी पुरस्कारलेल्या आवर्त-कोष्ठ पद्धतीत ज्वलनाचा प्रारंभ सिलिंडरमाथ्यातील लहान कोठीत होतो व दाबाची वाढ काहीशी मंदावते. प्यूजो एंजिने या अप्रत्यक्ष अंतःक्षेपणाच्या वर्गातील आहेत. म्हणून इंधनाचा फवारा थेट दट्ट्यावर सोडणाऱ्या जुन्या एंजिनांपेक्षा त्यांचा आवाज मऊ असतो. एका प्रकारच्या एंजिनाला सरावलेल्या कानास दुसऱ्या प्रकारचे निरोगी एंजिनही बिघडलेले वाटते, ते याच कारणाने.

प्रज्वलन-विलंब इंधनाच्या सीटेन अंकावर अवलंबून असतो. हा अंक अधिक असल्यास इंधन लवकर पेटते. भारतीय डीझेलासाठी पूर्वी किमान ४५ सीटेन अंक विहित होता. २०२० पासून देशभर पुरविल्या जाणाऱ्या भारत स्टेज ६ प्रतीच्या डीझेलात तो किमान ५१ असतो. ठोक्याच्या दृष्टीने पाहता जुन्या जीपला आता तिच्या जन्मकाळापेक्षा सरस इंधन मिळते. यास्तव नव्याने सुरू झालेल्या ठोक्याचा दोष, रॉकेलची भेसळ झाल्याचा सबळ संशय नसेल तर, इंधनावर टाकणे योग्य नव्हे.

निदानाची प्रमाणे : कोणत्याही अनोळखी आवाजाची परीक्षा लय, भार, तापमान व स्थान या चार प्रमाणांनी केली जाते.

(१) लय : चार धावांच्या एंजिनात भुजादंडाचे (कारागीर ज्याला क्रँक म्हणतात त्याचे) दोन फेरे होतात, तेव्हा झडपा हलविणाऱ्या कॅमदंडाचा एक फेरा होतो आणि प्रत्येक सिलिंडरात एकदाच ज्वलन होते. एंजिन मंदगतीने, म्हणजे गाडी उभी असताना स्वतःपुरते, दर मिनिटास ७५० फेऱ्यांनी चालत असेल, तर भुजादंड दर सेकंदास साडेबारा फेरे घेतो आणि एखाद्या झडपेचा वा अंतःक्षेपकाचा आवाज दर सेकंदास सु. सहा वेळा येतो. सहाचा ठेका कानाला सुटा सुटा ऐकू येतो. साडेबाराचा ठेका सलग खडखडाटासारखा भासतो. संथ, मोजता येण्यासारखी टकटक बहुधा झडपांची किंवा एका सिलिंडरातील ज्वलनाची असते. भुजादंडाच्या गतीने येणारा आवाज त्याला जोडलेल्या भागांचा असण्याचा संभव अधिक असतो. तथापि हा नियम अनपवाद नाही. संयोगदांड्यावर (दट्ट्याला भुजादंडाशी जोडणाऱ्या दांड्यावर) सर्वाधिक जोर ज्वलनाच्या धावेत येत असल्याने त्याच्या धारव्याचा ठोकाही कधीकधी संथ लयीत ऐकू येतो.

(२) भार : आवाज चढावर वाढतो की उतारावर, प्रवेगक दाबल्यावर येतो की सोडल्यावर, याची नोंद घ्यावी लागते. भाराबरोबर वाढणारा ठोका ज्वलनाशी अथवा ज्वलनाचा जोर झेलणाऱ्या भागांशी संबंधित असतो. भार कितीही बदलला तरी न बदलणारा आवाज झडपांचा, साखळीचा किंवा बाह्य उपांगांचा असतो.

(३) तापमान : थंड एंजिनात ऐकू येणारा व तापल्यावर नाहीसा होणारा आवाज सामान्यतः कमी धोक्याचा असतो, कारण धातू प्रसरण पावल्याने फटी भरून येतात. याउलट एंजिन तापल्यावर सुरू होणारा आवाज गंभीर मानला पाहिजे. तापलेले वंगण तेल पातळ होते व झिजलेल्या धारव्यात त्याचा पटल टिकत नाही. घाटकोपर-मुलुंड मार्गावरील वा पश्चिम द्रुतगती महामार्गावरील वाहनकोंडीत एंजिन दीर्घकाळ मंदगतीने तापत राहते. तेलपंपाची गतीही त्या वेळी कमी असते. धारव्याची झीज प्रथम ऐकू येते ती अशा प्रसंगी. मुंबईत हवेचे तापमान क्वचितच १०° से. च्या खाली उतरते. त्यामुळे सकाळचा कठोर ठोका बराच काळ टिकत असेल, तर तो थंडीमुळे आहे असे न मानता कोठी तापविणारी विजेची गुडदी (हीटर प्लग), अंतःक्षेपक व अंतःक्षेपणाची वेळ तपासणे इष्ट असते.

(४) स्थान : आवाज वरून, पुढून, मागून की तेलकुंडातून येतो, हे शेवटी पाहावे. पोलादातून ध्वनी सेकंदास सु. ५,००० मी. या वेगाने, म्हणजे हवेतल्यापेक्षा कित्येक पट वेगाने जातो. एका भागातील ठोका त्यामुळे संपूर्ण एंजिनात पसरतो व केवळ बाहेरून ऐकून केलेले स्थाननिदान फसवे ठरते.

ऐकण्याची साधने : उपनगरांतील कार्यशाळांत लांब पेचकसाचे टोक एंजिनावर टेकवून मूठ कानामागील हाडाला लावण्याची रीत रूढ आहे. वैद्यकीय स्टेथॉस्कोपच्या पडद्याऐवजी धातूची सळई बसविलेले साधन याहून सोयीचे असते. सळई प्रथम ज्या सिलिंडराविषयी शंका नाही त्यावर व नंतर संशयित जागी टेकवून दोन्ही आवाजांची तुलना केली जाते. एकाच जागेचा आवाज ऐकून निष्कर्ष काढता येत नाही. ऐकताना सैल कपडे, केस व हात पंखा आणि पट्टे यांपासून दूर ठेवणे अत्यावश्यक आहे.

सिलिंडर बंद करण्याची चाचणी : यांत्रिक पंपाच्या एंजिनात ही सर्वांत निर्णायक चाचणी होय. एंजिन मंदगतीने चालू असताना एका अंतःक्षेपकाकडे जाणाऱ्या उच्च दाबाच्या नळीचे जोडनट पान्याने थोडे सैल केले जाते. इंधन बाहेर गळून त्या सिलिंडरातील ज्वलन थांबते. नट पुन्हा आवळून क्रमाने चारही सिलिंडरांची परीक्षा केली जाते. निरोगी सिलिंडर बंद केल्यास एंजिन अडखळते. बंद केल्याने काहीच फरक पडत नसेल, तर तो सिलिंडर आधीपासूनच काम करीत नव्हता असे समजते. एखादा विशिष्ट सिलिंडर बंद केल्यावरच संशयित आवाज थांबत किंवा स्पष्टपणे कमी होत असेल, तर दोष त्याच सिलिंडरात असतो.

मात्र तो दोष ज्वलनाचा की धारव्याचा, हे या चाचणीने एकटीने ठरत नाही, कारण ज्वलन थांबले की धारव्यावरील जोरही कमी होतो. येथे दुसरी पायरी उपयोगी पडते. संशयित सिलिंडरातील अंतःक्षेपक शेजारच्या चांगल्या सिलिंडरात व तेथील या सिलिंडरात बसवितात. त्या वेळी बैठकीतील तांब्याच्या चकत्या नव्या घालतात. आवाज अंतःक्षेपकाबरोबर नव्या जागी गेला, तर दोष अंतःक्षेपकाचा असतो व तो चाचणी-बाकावर तपासून दुरुस्त करता येतो. आवाज मूळ जागीच राहिला, तर दोष बहुधा दट्ट्या, त्याची पिन किंवा धारवा यांत असतो. एंजिन उघडण्याचा निर्णय या पायरीनंतर घ्यावयाचा असतो.

अंतःक्षेपकातून शंभराहून अधिक वातावरणीय दाबाने इंधन सुटते. असा फवारा कातडी भेदून शरीरात शिरू शकतो व ती इजा वरवर क्षुल्लक दिसली, तरी तातडीच्या शस्त्रक्रियेची निकड निर्माण करते. म्हणून चाचणीच्या वेळी डोळ्यांवर चष्मा असावा, नट अर्ध्या फेऱ्याहून अधिक सैल करू नये आणि हात नळीच्या तोंडापाशी नेऊ नये. समाईक नळीत अत्युच्च दाबाने इंधन साठविणाऱ्या नव्या कॉमन रेल एंजिनांवर ही चाचणी कधीही करू नये.

प्रमुख आवाज व त्यांची कारणे : ज्वलनाचा ठोका : हा धातूवर हातोडी मारल्यासारखा तीक्ष्ण व कोरडा असतो. अंतःक्षेपण फार लवकर होणे, अंतःक्षेपकाची सुई अडकून इंधन ठिबकणे किंवा संपीडन कमी होणे ही त्याची कारणे होत. ठोक्याबरोबर काळा धूर येत असल्यास अंतःक्षेपकावरील संशय बळावतो. चारही सिलिंडरांतून सारखाच ठोका येत असेल, तर पंपाची वेळ तपासावी लागते.

झडपांची टकटक : सिलिंडरमाथ्यावरील झाकणाखालून येणारी ही हलकी, नियमित टकटक कारागिरांच्या भाषेत ‘टॅपेट वाजणे’ म्हणून ओळखली जाते. झडप व तिला दाबणारी दोलक भुजा यांमधील फट वाढल्याने ती होते. ही फट मिमी.च्या एक ते तीन दशांशांइतकी असते; तिचे नेमके माप एंजिनाच्या पुस्तिकेत दिलेले असते आणि ते जाडीमापक पट्टीने जुळविले जाते. फट विहित मापापेक्षा कमी ठेवल्यास टकटक थांबते, परंतु झडप पुरती मिटत नाही व जळते. आवाज बंद करण्याच्या हेतूने फट कमी करणे म्हणून हानिकारक ठरते.

दट्ट्याचा थपथपाट : सिलिंडर झिजल्यावर दट्ट्या बाजूच्या भिंतीवर आपटतो. हा आवाज पोकळ असून थंड एंजिनात, कमी गतीला व भाराखाली अधिक येतो आणि एंजिन तापल्यावर मंदावतो. त्याच्या जोडीला तेलाचा खप व निळसर धूर वाढलेला आढळतो. असे एंजिन पुष्कळ दिवस चालू शकते. दुरुस्तीची योजना मात्र आखावी लागते. दट्ट्याची पिन सैल झाल्यास मंदगतीला हलका, टणत्कारी व बहुधा दुहेरी ठोका येतो.

धारव्याचा ठोका : संयोगदांड्याच्या मोठ्या टोकाचा धारवा झिजल्यास एंजिनाच्या मध्यभागातून भरीव ठोका येतो. एंजिनाची गती वाढवून प्रवेगक एकदम सोडला असता तो विशेष स्पष्ट होतो. भुजादंडाच्या मुख्य धारव्याचा आवाज याहून खोल, दबलेला व तेलकुंडाच्या बाजूचा असतो. जड भाराखाली तो वाढतो आणि लगतचे दोन सिलिंडर बंद केल्यावर कमी होतो. या दोन्ही प्रसंगी तापलेल्या एंजिनातील तेलाचा दाब तपासणे हे पहिले काम होय. गाडीतील दर्शकावर विसंबून न राहता त्यासाठी स्वतंत्र दाबमापक जोडावा. दर मिनिटास १,००० फेऱ्यांमागे दर चौ. सेंमी.ला सु. ०·७ किग्रॅ. दाब असावा, असा ढोबळ ठोकताळा आहे. दाब पुरेसा आढळला म्हणून सर्व धारवे सुस्थितीत आहेत असे सिद्ध होत नाही. एकच धारवा झिजला असेल, तर एकूण दाब फारसा घटत नाही. अशा वेळी तेलाची गाळणी कापून तिच्या घडीत चकाकणारे धातुकण आहेत काय ते पाहतात. असे कण विपुल आढळल्यास एंजिन पुन्हा सुरू करू नये.

पुढील व मागील भाग : पुढील झाकणामागील साखळी सैल झाल्यास घासण्याचा व खुळखुळण्याचा आवाज येतो आणि एंजिन बंद करताना तो ठळक होतो. पाण्याचा पंप, जनित्र व ब्रेकसाठी निर्वात निर्माण करणारा पंप यांचे आवाज पुष्कळदा एंजिनाच्या अंतर्भागातून आल्यासारखे भासतात. पट्टा काढून एंजिन अर्धा मिनिट चालविले असता पट्ट्यावर चालणाऱ्या उपांगांचा आवाज थांबतो व शंका फिटते. मागील बाजूस प्रचक्राचे (एंजिनाची गती सम राखणाऱ्या जड चाकाचे) बोल्ट सैल झाल्यास येणारा ठोका हुबेहूब धारव्यासारखा असतो. क्लच दाबल्यावर आवाज बदलल्यास एंजिनाऐवजी प्रथम प्रचक्र व क्लच तपासावेत.

वायूची गळती : निष्कास नळीच्या जोडातून गळणारा वायू झडपेच्या टकटकीसारखा फटफटाट करतो, जोडाभोवती काजळीचा पट्टा दिसतो. अंतःक्षेपकाची बैठक गळत असल्यास फुसफुस होते व तिच्याभोवती डांबरासारखा काळा थर साचतो. या दोन्ही दोषांची दुरुस्ती स्वस्त असते. न ओळखल्यास मात्र एंजिन उघडण्याचा खर्च ओढवतो.

चार चाकी चालनातील आवाज : पुढील व मागील आसांना शक्ती वाटून देणारी दंतचक्रपेटी, दोन चालक दंड, त्यांचे सांधे व दोन आसांतील दंतचक्रे हे आवाजाचे अधिक उगम जीपमध्ये असतात. गाडी उभी करून दंतचक्रे तटस्थ ठेवली असता आवाज चालू राहिला, तर तो एंजिनाचा वा क्लचचा. थांबला, तर मागील यंत्रणेचा, हा प्राथमिक निवाडा होय. जुन्या जीपमध्ये पुढील व मागील आसांमधील गतीचा फरक सामावून घेणारी योजना नसते. कोरड्या डांबरी रस्त्यावर चार चाकी चालन लावून वळण घेतल्यास दोन्ही आस एकमेकांविरुद्ध पीळ घेतात व तो सुटताना मोठा ठणका बसतो. हा दोष गाडीचा नसून वापराचा असतो. चिखल, वाळू व निसरडे चढ यांपुरतेच ते चालन वापरावे, असा नियम आहे.

पावसाळा व पूर : उपनगरांतील गाड्यांच्या संदर्भात पुराच्या पाण्याचा स्वतंत्र विचार करावा लागतो. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझ येथे २४ तासांत ९४४ मिमी. पाऊस नोंदला गेला आणि मिठी नदीकाठच्या कुर्ला, कलिना इ. भागांत असंख्य वाहने बुडाली. हवेप्रमाणे पाणी दाबले जात नाही. एक्सडीपी एंजिनाच्या एका सिलिंडराची धारणा ५२८ घ. सेंमी. असून दट्ट्या सर्वोच्च स्थानी असताना वर उरणारी जागा सु. २५ घ. सेंमी., म्हणजे दोन मोठ्या चमच्यांएवढी असते. याहून अधिक पाणी सिलिंडरात शिरल्यास दट्ट्या वर जाऊ शकत नाही आणि चालत्या एंजिनात संयोगदांडा वाकतो.

वाकलेला दांडा तुटला नाही, तर पाणी काढल्यावर एंजिन पुन्हा सुरू होते. परंतु दांड्याची लांबी घटल्याने त्या सिलिंडराचे संपीडन कमी राहते, ज्वलन अनियमित होते व एक नवा ठोका ऐकू येऊ लागतो. अंतःक्षेपक बदलून तो जात नाही. पुढे वाकलेला दांडा मोडून सिलिंडर-ठोकळा फोडण्याचा धोका असतो. ठोका पावसाळ्यानंतर सुरू झाला असेल, तर गाडी पाण्यातून गेली होती काय, हा प्रश्न म्हणूनच प्रथम विचारला जातो. पाण्यात बंद पडलेली गाडी सुरू करण्याचा प्रयत्न करू नये. अंतःक्षेपक अथवा तापक गुडद्या काढून एंजिन हाताने फिरवावे, पाणी बाहेर घालवावे आणि दुधाळ झालेले तेल व गाळणी बदलूनच पुढील तपासणी करावी.

निर्णय : आवाजाच्या निदानाचा व्यावहारिक हेतू एंजिन चालवावे की थांबवावे, हे ठरविण्याचा असतो. झडपांची टकटक, निष्कासाची गळती व थंड एंजिनातील थपथपाट यांसाठी गाडी कार्यशाळेपर्यंत चालवीत नेण्यास हरकत नसते. ज्वलनाचा एका सिलिंडरातील ठोका लवकर दुरुस्त करावा. ठिबकणारे इंधन दट्ट्याचा माथा जाळते व तेलात मिसळून वंगण बिघडवते. तेलाचा दाब घसरणे, एंजिन तापल्यावर भरीव ठोका सुरू होणे किंवा पुरानंतर नवा ठोका येणे, यांपैकी काहीही आढळल्यास एंजिन त्याच जागी बंद करून गाडी ओढून न्यावी.

या निर्णयावर खर्चाचे प्रमाण अवलंबून असते. धारवा नुकताच झिजू लागला असता केवळ त्याची अर्धवर्तुळाकार कवचे बदलून भागते. भुजादंडावर ओरखडे पडल्यास तो यंत्रावर घासून सामान्यतः ०·२५ मिमी.च्या पायरीने लहान करावा लागतो व त्या मापाची कवचे घालावी लागतात. अशा पायऱ्या मोजक्याच असतात. दांडा तुटल्यास ठोकळाच निकामी होतो. उत्पादन थांबलेल्या एंजिनाचा सुस्थितीतील ठोकळा सहज मिळत नसल्याने तेथे गाडीचे आयुष्यच संपण्याचा संभव असतो. जुनी गाडी विकत घेताना एंजिन पूर्ण थंड असताना प्रथम सुरू करून ऐकावे व नंतर तापवून पुन्हा ऐकावे. दाट तेल ओतून धारव्याचा ठोका काही काळ दडपता येतो, पण एंजिन पुरेसे तापल्यावर तो बहुधा पुन्हा प्रकट होतो.

मर्यादा : श्रवणाने केलेले निदान हे अनुमान असते, दाब, संपीडन व फटी यांच्या मापनाने त्याची खातरजमा करावी लागते. मोठ्या उद्योगांत कंपने मोजणारे संवेदक व त्यांच्या कंप्रतांचे (दर सेकंदास होणाऱ्या कंपनांच्या संख्येचे) विश्लेषण, तसेच तेलातील तांबे, शिसे व लोखंड यांचे प्रमाण तपासण्याच्या पद्धती वापरल्या जातात. यांपैकी कंपनांच्या विश्लेषणाचे मूळ तत्त्वही लय, भार व तापमान यांच्याशी आवाजाचा संबंध जोडण्याचेच आहे. गाडीच्या नित्याच्या आवाजाची ओळख असणारा चालक त्यातील बदल सर्वांत आधी टिपू शकतो. तो बदल केव्हा, किती वेगाला व एंजिन किती तापलेले असताना जाणवला, याची त्याने ठेवलेली नोंद कार्यशाळेतील निदानास फार मोलाची ठरते. [⟶ अंतर्ज्वलन-एंजिन, धारवा, वंगण व वंगणक्रिया].